ट्रेस एक की शून्य?

कार्ल ब्लूम यांचं ‘डेन्सिटी मॅट्रिक्स थिअरी अँड ॲप्लिकेशन्स’ हे पुस्तक सुरुवातीलाच बजावतं, की डेन्सिटी मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, म्हणजे तिचा ट्रेस, एक भरलाच पाहिजे. ते आकडे म्हणजे संभाव्यता. त्यातला एकही ऋण असून चालत नाही. एवढं पक्कं करून मी एनएमआरचं (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचं) पुस्तक उघडलं. तिथे डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणून जे मांडलं होतं, त्याच्या कर्णावर एक अधिक अर्धा आणि एक उणे अर्धा. बेरीज शून्य, आणि एक आकडा चक्क ऋण. लेखकाला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं. पुढच्या ओळीत त्याने पल्स देऊन गणित पुढे नेलंही होतं. तिसरं पुस्तक लेझर स्पेक्ट्रोस्कोपीचं. त्यात मॅट्रिक्स अशी डोळ्यांना दिसेचना. पानोपानी दोन उभ्या रेघा आणि त्यांना दोन्ही बाजूंनी येऊन टेकणारे बाण.

ही तिन्ही पुस्तकं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत, हे मानायला माझं मन तयार होईना.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स शिकले ते वेव्ह फंक्शनच्या भाषेत: पेटीतला कण, हायड्रोजनचा अणू, बेन्झीनचं ह्यूकेल. एनएमआर माझ्या लेखी रेणू ओळखायचं साधन होतं. पीक कुठे आला, किती फाटे फुटले, क्षेत्रफळ किती, एवढं बघायचं आणि रचना काढायची. पीएच.डी.साठी पुण्यातल्या एका एनएमआर प्रयोगशाळेत आले तेव्हा सर पहिल्याच बैठकीत म्हणाले, “वेव्ह फंक्शन जरा बाजूला ठेवा. नळीत एक रेणू नसतो. डेन्सिटी मॅट्रिक्स वाचून या, मग बोलू.” ग्रंथालयात गेले तर या विषयावर पुस्तकं भरपूर. तिथेच खरी पंचाईत झाली. कुठलं आधी वाचायचं, हे सांगणारं एकही नव्हतं.

वाचता वाचता एक प्रश्न मला सापडला आणि तो घेऊन गेलं की बंद दारं उघडतात, हे हळूहळू ध्यानात आलं. प्रश्न असा: या लेखकाने काय गाळलं आहे? डेन्सिटी मॅट्रिक्स लिहिणारा प्रत्येक जण काहीतरी वगळून, कशाची तरी सरासरी काढूनच तिच्यापर्यंत पोचलेला असतो. आणि जे गाळलं ते त्याच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून तो ते सांगत बसत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला नेमकं तेच ठाऊक नसतं.

मुळाशी गेलं तरी हेच दिसतं. डेन्सिटी मॅट्रिक्स १९२७ साली दोघांनी स्वतंत्रपणे मांडली: जॉन फॉन नॉयमन आणि लेव्ह लांडाऊ. लांडाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्यापुढचा प्रश्न अणू प्रकाश सोडून शांत कसा होतो, हा. अणू आणि प्रकाश एकमेकांत इतके गुंतलेले, की एकट्या अणूचं असं वेव्ह फंक्शन उरतच नाही. मग प्रकाशाचा हिशोब सोडून देऊन फक्त अणूबद्दल काय बोलता येईल, ते त्याने लिहिलं. फॉन नॉयमनचा रस्ता वेगळा. त्याच्या मनात एकसारख्या व्यवस्थांचा मोठा समूह होता; त्यातली प्रत्येक नक्की कुठल्या अवस्थेत आहे ते माहीत नाही, फक्त प्रमाण माहीत आहे. एकाने जोडीदार गाळला, दुसऱ्याने आपल्याला नसलेल्या माहितीची सरासरी काढली, आणि दोघांच्या हाती एकच गणिती वस्तू आली. फाइनमन यांच्या ‘स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स’ या व्याख्यानांतलं डेन्सिटी मॅट्रिक्सचं प्रकरण लांडाऊच्या वाटेने जातं: विश्वाचे दोन भाग करा, आपली व्यवस्था आणि उरलेलं सगळं. साकुराई यांच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण फॉन नॉयमनच्या वाटेने जातं. दोन्ही उत्तम आहेत. पण दोन्ही लागोपाठ वाचणाऱ्याला आपण दोन वेगळे विषय वाचतोय असंच वाटणार.

ब्लूमचं पुस्तक पहिल्यांदा १९८१ साली आलं. लेखक अणूंच्या टकरींचा अभ्यासक, त्यामुळे पुढची प्रकरणं कोनीय संवेगाच्या जड गणितात शिरतात आणि रसायनवाल्याचा दम तिथे तुटतो. पहिलं प्रकरण मात्र सोनं आहे. स्पिन-अर्धा कणांचा झोत घेतो आणि दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवर सगळं दाखवतो. ते मी वहीत उतरवलं नाही. पुस्तक मिटून स्वतः मांडलं. ते इथेही मांडते, कारण हा विषय डोळ्यांनी वाचून कळतच नाही.

एक झोत असा घ्या, की त्यातला प्रत्येक कण ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्या समसमान सुपरपोझिशनमध्ये आहे. त्याची मॅट्रिक्स: वरच्या ओळीत अर्धा, अर्धा, खालच्या ओळीत अर्धा, अर्धा. दुसरा झोत असा, की त्यातले निम्मे कण ‘वर’ आणि निम्मे ‘खाली’. त्याची मॅट्रिक्स: वरच्या ओळीत अर्धा, शून्य; खालच्या ओळीत शून्य, अर्धा. उभ्या दिशेने स्पिन मोजला तर दोन्ही झोत सारखेच, निम्मे वर आणि निम्मे खाली. आडव्या दिशेने मोजला तर पहिल्या झोताचा प्रत्येक कण एकाच बाजूला जातो. दुसऱ्याचे पुन्हा निम्मे-निम्मे. सगळा फरक कर्णाबाहेरच्या त्या दोन घरांमध्ये भरलेला आहे. त्यांनाच कोहेरन्स म्हणतात. गणपतीत ढोल-ताशा पथक ऐकताना कळतं तसं: प्रत्येक ढोल तितक्याच जोरात वाजतोय, पण सगळ्यांची टिपरी एका ठेक्यात पडते की नाही ही वेगळी बाब आहे. कर्णावरचे आकडे किती ढोल वाजताहेत ते सांगतात. कर्णाबाहेरचे, ते एका ठेक्यात आहेत की नाहीत ते.

इथपर्यंत ठीक होतं. मग तिसरा झोत घेतला: निम्मे कण ‘डावीकडे’ अवस्थेत, निम्मे ‘उजवीकडे’. यातला प्रत्येक कण वर आणि खालीची सुपरपोझिशनच आहे, म्हणजे प्रत्येकाच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेर आकडे आहेत. पण एकाचे अधिक अर्धा आणि दुसऱ्याचे उणे अर्धा. सरासरी काढली की ते उडतात आणि उरते तीच, अर्धा-शून्य-शून्य-अर्धा. दुसऱ्या झोताची हुबेहूब मॅट्रिक्स. आणि सगळी पुस्तकं एकमुखाने सांगतात, की मॅट्रिक्स एक असेल तर त्या कणांवरच्या कुठल्याही मोजमापाने हे दोन झोत वेगळे ओळखता येणार नाहीत.

हे मला पटायला फार जड गेलं. एका झोतात मी वर-खालीचे कण भरले, दुसऱ्यात डावे-उजवे. माझ्या हाताने वेगळे भरलेले झोत निसर्गाला सारखे कसे? उगो फानो यांचा १९५७ सालचा ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मधला प्रसिद्ध लेख या गोष्टीला भिडतो. तो जुना आहे, छपाई दाट आहे, पण भौतिकशास्त्रज्ञ शांतपणे विचार करताना कसा दिसतो हे बघायचं असेल तर तो वाचावा. झोताबद्दल मोजून जेवढं कळू शकतं तेवढं आणि तेवढंच मॅट्रिक्समध्ये असतं, हा त्यातला गाभा. झोत कसा भरला ही माझ्याजवळची बातमी. ती कणांवर लिहिलेली नाही. तो लेख वाचल्यावर मी विधान मान्य केलं, तरी आत कुठेतरी ते खुपत राहिलं. ते का खुपत होतं ते पुढे यंत्रावर कळलं.

यंत्रावर नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते पल्स कॅलिब्रेट करण्याचं. पाच मिलिमीटरची काचेची नळी, त्यात जड पाण्यात थोडं साधं पाणी. नळी पुसून स्पिनरमध्ये बसवायची, गेजवर उंची बघायची, हवेच्या झोतावर अलगद सोडायची. लॉक करायचं, शिम करायचं. मग रेडिओलहरीचा पल्स थोडा थोडा लांबवत न्यायचा आणि प्रत्येक वेळी सिग्नल बघायचा. सिग्नल चढत जातो, आमच्या प्रोबवर दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास सर्वांत मोठा होतो, मग उतरतो, विसाच्या आसपास शून्य, तिसाला उलटा खाली लोंबणारा पीक, चाळिसाला पुन्हा शून्य. माझ्याबरोबर प्रयोगशाळेतली सीनियर होती. सगळे तिला ताईच म्हणतात. मी तिला ट्रेसचं कोडं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, आधी आकडे घाल. नळीतल्या प्रोटॉनपैकी वर किती, खाली किती, ते काढ.”

काढले. आमचा चुंबक ११.७ टेस्लाचा, म्हणजे प्रोटॉनची वारंवारता ५०० मेगाहर्ट्झ. बोल्ट्झमनच्या सूत्रात खोलीचं तापमान घातलं की उत्तर येतं: दर दहा लाख प्रोटॉनमागे सुमारे ५,००,०२० एका पातळीवर आणि ४,९९,९८० दुसऱ्या पातळीवर. फरक चाळिसाचा. म्हणजे खरी डेन्सिटी मॅट्रिक्स ही, की कर्णावर ०.५०००२ आणि ०.४९९९८, बाहेर शून्य. ट्रेस एक, दोन्ही आकडे धन. ब्लूमचं समाधान झालं.

“आता हिचे दोन तुकडे कर,” ताई म्हणाली. एक तुकडा अर्धा-अर्धावाला, दुसरा ०.००००२ आणि उणे ०.००००२ वाला. पहिला तुकडा एकक मॅट्रिक्सच्या पटीत आहे, आणि एकक मॅट्रिक्सवर कुठलाही पल्स द्या, ती जशीच्या तशी राहते. फिरत नाही, सिग्नल देत नाही. मग एनएमआरवाले तो तुकडा सोडून देतात. उरलेल्यातून तो बारीक आकडा गुणक म्हणून बाहेर काढतात आणि अधिक अर्धा, उणे अर्धा एवढंच लिहितात. त्यालाच आय-झेड म्हणतात आणि डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणूनच पुढे वापरतात. ट्रेस शून्य का, तर ट्रेस ज्याच्यात होता तोच भाग गाळलेला आहे. हे एका वाक्यात सांगता येतं. एनएमआरची पुस्तकं लिहिणारे स्लिक्टर, एर्न्स्ट, लेव्हिट, सगळे ते सांगतातही. पण ज्याने आधी ‘ट्रेस एकच’ हे घोकलेलं आहे त्याच्यासाठी त्या वाक्याखाली जाड रेघ मारलेली असायला हवी.

त्या दिवशी कॅलिब्रेशनचा प्रत्येक टप्पा मी मॅट्रिक्समध्ये लिहून काढला. दहा मायक्रोसेकंदांना, म्हणजे नव्वद अंशांच्या पल्सनंतर, कर्णावर दोन्हीकडे नेमका अर्धा आणि कर्णाबाहेर ०.००००२. सिग्नल येतो तो या आकड्यामुळे. तो सेकंदाला ५० कोटी वेळा फिरतो आणि भोवतालच्या कॉइलमध्ये व्होल्टेज उभं करतो. विसाला, एकशे ऐंशी अंशांवर, कर्णावरचे आकडे अदलाबदल झालेले, बाहेर शून्य. चाळिसाला सगळं मूळपदावर. वीस आणि चाळीस, दोन्हीकडे पडद्यावर सपाट रेघ. मॅट्रिक्स मात्र एकमेकींच्या उलट. पडद्यावर जे दिसत नाही ते कागदावर स्पष्ट दिसतं, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं आणि या विषयाबद्दलची भीती जाऊन ओढ वाटू लागली. आणि ०.००००२ एवढ्याशा आकड्यावर हे अख्खं शास्त्र उभं आहे! साध्या पाण्याच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये प्रोटॉन इतके प्रचंड असतात, तीनावर बावीस शून्यं, की दहा लाखांत चाळीस उरले तरी ऐकू येतात.

आता त्या खुपणाऱ्या गोष्टीकडे येते. अर्विन हान यांनी १९५० साली स्पिन-एको दाखवला. नव्वद अंशांचा पल्स द्या, सिग्नल येतो आणि विरून जातो. थोडा वेळ थांबा. दुसरा पल्स द्या. तितकाच वेळ पुन्हा गेला की मेलेला सिग्नल आपोआप उठतो. हान यांनी दोन्ही पल्स नव्वदचे वापरले होते. आज आपण दुसरा एकशे ऐंशीचा घेतो, म्हणजे मांडणी सोपी होते.

पुस्तकातलं शिकून आलेल्या माणसाला यात मोठा पेच आहे. सिग्नल विरला म्हणजे कर्णाबाहेरचे आकडे शून्य झाले. नव्वदच्या पल्सने कर्णावर तर आधीच अर्धा-अर्धा झालेलं. म्हणजे आता मॅट्रिक्स एकक मॅट्रिक्सच्या पटीतली उरली, आणि अशा मॅट्रिक्सवर कुठलाही पल्स काही करू शकत नाही, हे तर मी नुकतंच शिकले होते. मग एको येतो कुठून?

वहीवर हे लिहून मी बराच वेळ बघत बसले. उत्तर पुन्हा त्याच प्रश्नाने दिलं: मी काय गाळलं आहे? नळीत सगळीकडे चुंबकक्षेत्र तंतोतंत सारखं नसतं. तळाशी एक, मध्ये किंचित वेगळं, वर आणखी वेगळं. नळीच्या प्रत्येक पातळ कापाची स्वतःची मॅट्रिक्स आहे, आणि तिच्यातला कर्णाबाहेरचा आकडा शाबूत आहे. फक्त प्रत्येक कापात तो आपापल्या वेगाने फिरतो, त्यामुळे साऱ्या नळीची सरासरी काढली की एकमेकांत उडून जातो. शून्य झालेली मॅट्रिक्स ही सरासरीची होती. एकशे ऐंशीचा पल्स सरासरीवर काम करत नाही; तो प्रत्येक कापात जाऊन तिथल्या मॅट्रिक्समधली कर्णाबाहेरची दोन घरं आपसांत बदलतो. पुढे गेलेला तेवढाच मागे पडतो, आणि तितक्याच वेळाने सगळे पुन्हा जुळतात.

आणि मग फानोंच्या लेखातलं ते विधान? मोजमापाने झोत ओळखता येत नाहीत हे खरंच आहे, पण कधी? कुठला कण कुठल्या गटातला याची कसलीही खूण उरलेली नसेल तेव्हा. नळीत ती खूण आहे: रेणूची जागा. क्षेत्र जागेवर अवलंबून आहे, म्हणून ती खूण गतीत उतरते आणि एको तिचा फायदा घेतो. रेणू इकडून तिकडे सरकले की खूण पुसट होते आणि एको लहान होतो. विसरणाचा (डिफ्यूजनचा) हा परिणाम हान यांनी आपल्या त्याच लेखात मांडला आहे. एकोनेही जे परत येत नाही तेच खरं गेलेलं. त्याच्या काळाला टी-टू म्हणतात. विधान आणि प्रयोग यांच्यात भांडण नव्हतं. मी ‘मॅट्रिक्स’ म्हणताना कशाची मॅट्रिक्स हे सांगायचं राहात होतं, एवढंच. या एका प्रयोगाने डेन्सिटी मॅट्रिक्सबद्दल मला जितकं शिकवलं तितकं कुठल्याही प्रकरणाने शिकवलेलं नाही. नव्याने या विषयात येणाऱ्याला मी सांगेन, की व्याख्या कळली न कळली तरी एकोपर्यंत पोच आणि तिथे थांबून विचार कर.

दोन उभ्या रेघांचं पुस्तक, शॉल मुकामेल यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ नॉनलिनिअर ऑप्टिकल स्पेक्ट्रोस्कोपी’ (१९९५), यानंतरच उघडलं गेलं. डावी रेघ म्हणजे मॅट्रिक्समधल्या घराची ओळ, उजवी म्हणजे स्तंभ. वर चढत जाणारा वेळ. प्रकाशाचा प्रत्येक पल्स या दोनपैकी एकाच रेघेवर काम करतो. दोन्ही रेघांवर एकच पातळी लिहिलेली असेल तर आपण कर्णावर आहोत, वेगवेगळ्या असतील तर कोहेरन्समध्ये. तीन पल्स असले तर डावी-उजवीच्या निवडीने आठ वाटा होतात. त्यातल्या निम्म्या उरलेल्या निम्म्यांच्या आरशातल्या प्रती, म्हणून चारच काढायच्या. म्हणजे बाण ही मॅट्रिक्सच्या एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट आहे. हे समजावताना मुकामेलपेक्षा पीटर हाम आणि मार्टिन झॅनी यांचं द्विमितीय इन्फ्रारेडवरचं २०११ सालचं पुस्तक नवख्याला जास्त माया दाखवतं. ते हाताला धरून नेतं, मुकामेल डोंगराच्या पायथ्याशी सोडून देतात. १९६४ साली कुर्निट, आबेला आणि हार्टमन यांनी माणकाच्या स्फटिकात फोटॉन-एको पाहिला. त्याची आकृती काढली तेव्हा त्यात एका कोहेरन्सचं त्याच्या आरशातल्या जोडीदारात रूपांतर होत होतं. म्हणजे माझा एकशे ऐंशीचा पल्सच! नळीतलं पाणी आणि माणिक, रेडिओलहर आणि लेझर, पण दोन बाय दोनची मॅट्रिक्स तीच. फाइनमन, व्हर्नन आणि हेलवर्थ यांनी १९५७ मध्येच दाखवून ठेवलं होतं, की कुठलीही दोन-पातळ्यांची व्यवस्था स्पिन-अर्ध्यासारखी फिरवून बघता येते. फानोंचा लेखही त्याच वर्षीचा, आणि रिलॅक्सेशनवरचा, म्हणजे स्पिन समतोलाकडे कसे परततात यावरचा, रेडफील्ड यांचा लेखही.

चिन्हांबद्दल मात्र तक्रार केल्याशिवाय राहवत नाही. डेन्सिटी मॅट्रिक्सच्या गतीचं समीकरण आणि हायझेनबर्गचं ऑपरेटरच्या गतीचं समीकरण समोरासमोर ठेवा: चिन्ह उलटं. मॅट्रिक्सही ऑपरेटरच, मग नियम उलटा का? कारण ती मोजायची राशी नाही, अवस्थांपासून बनलेली आहे, आणि हायझेनबर्गच्या मांडणीत तर ती हलतच नाही. हेही कुठेतरी ठळक लिहिलेलं असावं. एनएमआरच्या पुस्तकांत पल्सने कुठल्या बाजूला फिरायचं यावरही एकमत नाही. माल्कम लेव्हिट यांनी १९९७ मध्ये वारंवारता आणि फेज यांच्या चिन्हांवर स्वतंत्र लेखच लिहिला, आणि त्यांचं ‘स्पिन डायनॅमिक्स’ याबाबतीत सर्वांत काटेकोर आहे. चित्रं भरपूर, घाई नाही. भौतिकशास्त्राचा पाया कच्चा असलेल्या रसायनवाल्याने एनएमआर करायचं असेल तर त्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत झालं आहे. जेम्स कीलर यांचं पुस्तकही तितकंच प्रेमाने लिहिलेलं आहे, पण ते बहुतेक काम प्रॉडक्ट ऑपरेटरवर, म्हणजे आय-झेडसारख्या चिन्हांच्या गुणाकारांवर, भागवतं. काम लवकर होतं, पण मॅट्रिक्सच्या घरांशी ओळख व्हायची राहून जाते. व्याख्यानं ऐकून शिकणाऱ्यांसाठी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची क्वांटम मेकॅनिक्सची व्याख्यानं फुकट आहेत. ती ऐकताना वही-पेन हाताशी नसेल तर उपयोग नाही. आणि पायथन येत असेल तर क्यूटिप नावाचं मोफत साधन आहे. माझा आग्रह असा, की दोन बाय दोन हाताने झाल्याशिवाय त्याला हात लावू नये, कारण ते उत्तर देतं आणि काय गाळलं ते विचारत नाही.

रिलॅक्सेशनच्या प्रकरणात मी अजून उंबरठ्यावर आहे. रेडफील्ड यांची वाट रेणूच्या हालचालींपासून निघते. १९७६ सालची वाट उलटीकडून येते: एका बाजूला लिंडब्लाड, दुसऱ्या बाजूला गोरिनी, कोसाकोव्हस्की आणि आपले जॉर्ज सुदर्शन. ते विचारतात, की मॅट्रिक्समधून निघणारी कुठलीही संभाव्यता कधीच ऋण होऊ नये असं हवं असेल तर समीकरणाचं रूप कसं असलं पाहिजे? टी-टू हा टी-वनच्या, म्हणजे कर्णावरचे आकडे समतोलाला परतण्याच्या काळाच्या, दुपटीपेक्षा मोठा असू शकत नाही, हा नियम मी एम.एस्सी.त पाठ केला होता. साध्या दोन-पातळ्यांच्या रिलॅक्सेशनमध्ये तो त्या एका अटीतून निघतो, हे कागदावर निघताना बघून फार आनंद झाला.

सध्या माझ्या टेबलावर इथेनॉल आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या सिग्नलमध्ये तीन वेगळे उंचवटे पाहिले, ओएच, सीएच-टू आणि सीएच-थ्री यांचे, क्षेत्रफळं एकास दोनास तीन. त्यातले एस. एस. धर्माट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचं काम उभं केलं. आज आमच्या यंत्रावर त्याच इथेनॉलचा सीएच-टू चार फाट्यांत आणि सीएच-थ्री तीन फाट्यांत येतो. फाटा आला की दोन स्पिन एकमेकांशी बोलताहेत, आणि दोन बाय दोन पुरत नाही. चार बाय चार लागते, सोळा घरं. इथेनॉलमध्ये स्पिन पाच आणि वर ओएचचा, म्हणून ताईने आधी दोनच स्पिनचा साधा रेणू मांडायला लावला आहे. सोळा घरांपैकी काही अशी आहेत, की ती भरलेली असतानाही सिग्नल शून्य: दोन घरांत सारखाच आकडा, एक अधिक, एक उणे. त्या अवस्थेला अँटिफेज म्हणतात. थोडा वेळ जाऊ दिला की स्पिनमधल्या जोडणीमुळे ती आपोआप दिसणाऱ्या घरांत उतरते. द्विमितीय एनएमआरमध्ये एका स्पिनची खबर दुसऱ्याकडे पोचते ती याच अवस्थेतून. सोळापैकी दहा घरं माझी लिहून झाली आहेत. उरलेल्या सहांत दुहेरी कोहेरन्सची दोन आहेत, ती थेट दिसत नाहीत, आणि ती कुठल्या पल्सने दिसती करायची ते उद्या यंत्रावर बसून बघायचं आहे.